सावड फेडायचा दिवस

अकरा मार्च. शेजारणीच्या रानात कांद्याची पात कापायला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात शेवटची ज्युरी होती, तरी जायचं होतं, कारण सावड फेडायची होती आणि ती पुढं ढकलता येत नाही.

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. पैसे नाहीत, हजेरी नाही. पण ज्याचा कांदा निघाला त्याला त्याच दिवशी बाया लागतात. माझी ज्युरी आहे म्हणून त्यांचा कांदा उन्हात थांबणार नव्हता.

ज्युरीचं थोडक्यात सांगते. मी त्रेचाळिसाव्या वर्षी डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याआधी कळंबला वीस वर्षं ब्लाउज, शाळेचे गणवेश आणि ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवली. मुलीला प्रवेशाची माहिती काढून द्यायला म्हणून एका कॉलेजात गेले. मुलीला ते आवडलं नाही, मला आवडलं. बारावी झालेली होती, वयाची अट नव्हती. पहिल्या वर्षी वर्गातली पोरं मला पाहुणी समजून खुर्ची द्यायची. दुसऱ्या वर्षापासून काकू म्हणत माझ्याकडून चेन बसवून घ्यायला लागली. इंग्रजी मला बेताचं येतं, पण कापड कुठं ताणतं आणि शिलाई कुठं उसवते हे हाताला ठाऊक होतं. तेवढ्यावर तीन वर्षं निघाली, आणि चांगली निघाली.

चौथ्या वर्षी एकच मोठा प्रोजेक्ट असतो. ज्युरीला बाहेरचे परीक्षक येतात, वस्तू बघतात, प्रश्न विचारतात. त्यांना पटलं नाही तर सहा महिने परत तेच. मी केली होती बैठक. कांद्याची पात कापताना बाई दिवसभर उकिडवी बसते आणि तशीच पुढं सरकत राहते. संध्याकाळी गुडघे धरून उठते. मी ताडपत्रीच्या कापडाची, आत फोम भरलेली जाड गादी शिवली आणि तिला कमरेला बांधायचा पट्टा लावला. बाई उठली की गादी तिच्याबरोबर उठणार, बसली की खाली येणार. हात मोकळे. मला स्वतःला ती फार पसंत होती.

तिची चाचणी मी माझ्याच रानात घेतली. आमचा कांदा निघाला तेव्हा सावडीला चार बाया आल्या. चौघींना चार बैठका बांधल्या. मी फोटो काढले, व्हिडिओ काढला, चहा केला, भाकरी-पिठलं वाढलं. संध्याकाळी एकेकीला विचारलं.

"लई भारी हाय वैनी," एक म्हणाली.

"गादीवर बसल्यावाणी वाटतंय," दुसरी.

शेजारची म्हातारी, जिच्या रानात आता मला जायचं होतं, ती एवढंच म्हणाली, "चांगलं हाय. कष्ट घेतलं तुमी."

हे सगळं प्रेझेंटेशनमध्ये गेलं. मला मार्गदर्शन करणारे सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ते खूश झाले. "मॅडम, असा फीडबॅक कुणालाच मिळालेला नाही. आता काही बदलू नका."

तर अकरा तारखेला मी त्याच बैठकांपैकी एक कमरेला बांधून म्हातारीच्या रानात गेले. म्हटलं, आपणही दिवसभर वापरून बघू. तोवर मी ती सलग तासभरसुद्धा वापरली नव्हती. माझ्या रानात मी घरधनीण होते, मला बसायला वेळ कुठला?

म्हातारीचं रान हमरस्त्याला लागून आहे. आमचं आत, नदीच्या अंगाला. हा फरक मी कधी मोजलाच नव्हता.

पहिली सरी संपवून मी उठले. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, आणि मागं गुडघ्यापर्यंत लोंबणारी निळी गादी. रस्त्यावर टेम्पो हळू झाला. आतून आवाज आला, "मावशे, शेपूट सांभाळ! शेळी खाईल!"

बाया खाली मान घालून हसल्या. म्हातारीची सून तर विळा टाकून हसली.

"हसता काय?" मी म्हटलं. "तुम्हीपण बांधली होती की."

"आमी तुमच्या रानात बांधली व्हती," सून म्हणाली. "तिथं बघाया कोण येतंय? बगळं?"

"आणि आज कुणीच का नाही बांधली? बाकीच्या तीनही आणल्यात मी."

म्हातारीनं हातातला कांदा कापला, पात बाजूला टाकली आणि म्हणाली, "खरं सांगू का? आता माझ्या रानात हायस म्हणून सांगते. ती गादी कामाची न्हाई."

"का?"

"उठलं की मागं आपटती. आडोशाला जायाचं म्हटलं की गाठ सुटंना. पट्टा पोटात रुततोय. आन उंच हाय, कांद्याला हात पोचवाया वाकावं लागतंय. वाकून वाकून माझी पाठ धरली त्या दिशी."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं पोरीनं चूल कुठं असते विचारावं. "तुझ्या रानात? तुझा च्या पिऊन?"

मला एकदम हसू आलं. मी याच गावात नांदायला आले, याच बायांबरोबर सावड केली. सावडीला गेलेली बाई त्या घरच्या चहाला नाव ठेवत नाही, भाकरीला ठेवत नाही, विळ्याला धार नसली तरी बोलत नाही. घरी जाऊन बोलते. मीही असंच करत आलेय. आणि कॉलेजात शिकलेली चाचणी मात्र मी नेमकी माझ्याच रानात, माझ्याच सावडीला, माझ्याच भाकरीवर घेतली. व्हिडिओत होता तो सगळा पाहुणचार होता.

"आता सगळं सांगा," मी म्हटलं. "काही ठेवू नका."

"आता सांगू का? मग ऐक," म्हणत त्या सुटल्या. रंगापासून सुरुवात झाली. निळा रंग लांबून दिसतो. ताडपत्री उन्हात तापते. एकीनं तर त्या दिवशी गादी घरी नेऊन तिच्यावर मांजर बसवून नवऱ्याला हसवलं होतं. माझ्या पाठीला तोवर कळ लागलीच होती, त्यामुळं वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी जेवणाआधी मी विळ्यानं एका बाजूनं पट्टा कापला. कमरेची बांधणी गेली. गादी जमिनीवरच ठेवून बसले. पुढं सरकायची वेळ आली तेव्हा कापलेला पट्टा दोन पायांच्या मधून पुढं आला होता. तो डाव्या हातानं ओढला. गादी माझ्याखाली वीतभर पुढं आली. परत ओढला, परत आली. उठले, तर गादी जागेवरच राहिली आणि मी रिकाम्या पाठीनं उभी. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या, कुणी वळून बघितलं नाही.

"हे बरं हाय," सून म्हणाली.

"हां, बरं हाय," म्हातारी म्हणाली. "पर उंच हायच."

तिच्या तोंडचं "पर" ऐकून मला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन फोम निम्मा केला, वर गोणपाट चढवलं, पट्टा पुढच्या कडेला दुहेरी शिलाईनं बसवला. मशीनवरून न उठताच सरांना फोन केला.

"मॅडम, ज्युरीच्या आदल्या दिवशी कुणी प्रॉडक्ट बदलतं का?" सरांचा आवाज चढला. "शंभर टक्के पॉझिटिव्ह फीडबॅक आहे तुमचा!"

"तो पाहुणचार होता सर."

"पण नव्याची चाचणी कुठं आहे? बाहेरचे परीक्षक विचारणार."

"अर्ध्या दिवसाची आहे. बाकी उद्या तिथं घेऊ."

"आणि नापास केलं तर?"

"तर सहा महिन्यांनी परत येईन. कांदा पुढच्या वर्षीही निघतो."

मग सरांनी विचारलं, "व्हिडिओचं काय करायचं?"

"दाखवायचा. खाली लिहायचं, या बाया माझ्या घरी जेवल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पातीसकट उपटलेले कांदे पोत्यात भरले, दोन विळे फडक्यात गुंडाळले, जुनी बैठक आणि नवी बैठक घेतली आणि एसटीत चढले. गाडी भरलेली. मी नवी बैठक मधल्या वाटेत टाकून बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, हे सामान का सीट?"

"सीट. तिकीट एकच द्या."

ज्युरीच्या हॉलमध्ये मी आधी जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि कांदे ओळीनं मांडले. बाहेरचे परीक्षक एकच होते, इस्त्रीच्या कपड्यांतले, पन्नाशीचे. त्यांनी पहिलीच स्लाइड बघून विचारलं, "वापरणाऱ्यांचं मत?"

"ते स्वतः घ्या," मी म्हटलं आणि जुनी बैठक त्यांच्या कमरेला बांधली. विळा हातात देऊन मी म्हटलं, बोट सांभाळा. पाच-सहा कांदे त्यांनी नेटानं कापले. मग उठले. गादी त्यांच्यामागं लोंबली आणि मागच्या बाकांवरची पोरं हसत सुटली. परीक्षकांनी मागं हात नेऊन गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटली नाही. मी सोडवली.

मग नवी बैठक त्यांच्यापुढं ठेवली. ते बसले, पट्टा ओढला, पुढं सरकले, परत ओढला. कांद्यांची अख्खी ओळ संपवली. मी दुसरी स्लाइड लावली, तिच्यावर म्हातारीच्या तक्रारी तिच्याच शब्दांत लिहिल्या होत्या.

"हं, विचारतो आता," ते म्हणाले. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली. त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि बाकीचे सगळे प्रश्न तिथं खाली बैठकीवर बसूनच विचारले. मी समोर बसून उत्तरं दिली आणि बोलता बोलता उरलेले कांदे कापून टाकले.