नाताळाला मालवणला गेलो आणि मिस्सेत पप्पांचं नाव ऐकलं

मस्कतला राहायला लागल्यापासून आमचा नाताळ फ्लॅटच्या हॉलमध्ये होतो. प्लास्टिकचं झाड, सुपरमार्केटातला प्लम केक, रजा मिळाली तर चर्चमध्ये मिस्सा, आणि संध्याकाळी शेजारच्या केरळी कुटुंबाबरोबर बिर्याणी. वाईट काही नसतं, पण नाताळ असल्यासारखंही वाटत नाही. यंदा नेल्सनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अचानक रजा मिळाली आणि मी त्याच दिवशी गोव्याची तिकिटं काढली. पप्पांना कळवायचं नाही असं ठरलं. आई गेल्यापासून ते मालवणच्या घरी एकटेच असतात. थेट समोर उभं राहून त्यांना धक्का द्यायचा, असा माझा बेत होता.

धक्का कोणाला बसला, ते पुढे येईलच.

रविवारी पहाटे मोप्याला उतरलो. विमानतळावरून मालवणपर्यंत टॅक्सी चार हजारांच्या आसपास पडते. डिसेंबरात त्याहून जास्तही मागतात, त्यामुळे आधी ठरवून ठेवलेली बरी. बांदा, सावंतवाडी, कुडाळ असा हायवे गुळगुळीत आहे. कुडाळ सोडून आत वळलं की रस्ता अरुंद होतो, वळणं वाढतात, आणि पोट रिकामं असेल तर त्रास होतो. आम्ही कुडाळला उसळ-पाव खाल्ला. नियाने, आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने, दोन पाव मागून घेतले.

मालवण जवळ आलं तेव्हा मिस्सेची वेळ झाली होती. पप्पा रविवारची मिस्सा चुकवत नाहीत, म्हणून टॅक्सी सरळ चर्चकडे घ्यायला सांगितली. बॅगा गाडीतच ठेवून आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढून तिसऱ्या रांगेत पप्पांची पाठ दिसली. नवा शर्ट, नीट कापलेले केस. "बघ, किती व्यवस्थित राहतात," मी नेल्सनच्या कानात म्हटलं.

शेवटी फादर सूचना वाचू लागले. येशूजन्माचा गोठा सजवण्याची स्पर्धा, कोणाची तरी हरवलेली छत्री. मग त्यांनी घसा साफ केला आणि लग्नाची घोषणा वाचली; आमच्यात ती लग्नाआधी तीनदा वाचतात.

"या धर्मग्रामातले अँथनी फर्नांडिस, विधुर, आणि लिडिया डिसोझा, अविवाहित, विवाहबद्ध होऊ इच्छितात. ही दुसरी घोषणा. कोणास काही अडथळा ठाऊक असल्यास धर्मगुरूंना कळवावे."

अँथनी फर्नांडिस आमच्याकडे पुष्कळ सापडतील. माझ्या मनाने तेवढ्या क्षणात दुसरा एखादा शोधायचा प्रयत्नही केला. पण निया मोठ्यांदा म्हणाली, "मम्मा, हे तर ग्रँडपाचं नाव!" आणि अख्खं चर्च मागे वळलं. पप्पाही वळले. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मला तेवढ्या लांबून दिसला.

गायकवृंदातून आणखी एक चेहरा माझ्याकडे बघत होता. लिडिया टीचर. शाळेत तीन वर्षं मला मराठी शिकवणाऱ्या, एका ऱ्हस्व-दीर्घासाठी अख्खं पान पुन्हा लिहायला लावणाऱ्या लिडिया टीचर. सवयीने मी ताठ बसले.

बाहेर अंगणात पप्पा लगबगीने आले.

"सिल्विया! कधी इलंस गो? कळवलंस नाय?"

"मी कळवूचा?" मी म्हटलं. "पप्पा, ह्या खरा?"

ते नियाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "तुका सांगूचाच होता..."

"दुसऱ्यांदा वाचला, पप्पा. दुसऱ्यांदा! म्हणजे गेल्या रविवारीच साऱ्या गावाक कळला."

लोक घोळक्याने उभे होते, केकची ताटं फिरत होती, कोणीतरी मला मिठी मारून अभिनंदन केलं. अभिनंदन! मी नियाचा हात धरून टॅक्सीत जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "चला इथून."

"खंय?" त्याने विचारलं.

नेल्सनने तोंडवलीचं नाव घेतलं. आचऱ्याच्या रस्त्याने जाऊन डावीकडे समुद्राकडे वळायचं. मालवणच्या किनाऱ्यावर नाताळात स्कूबावाल्यांची गर्दी असते, खोल्या महिनाभर आधीच भरतात. तोंडवलीला मात्र सुरूच्या बनामागे एका कोळी कुटुंबाकडे खोली मिळाली. साधी, स्वच्छ, सीझनचे दोन हजार. सकाळी घावणे-चटणी, दुपारी सुरमईची थाळी. किनारा लांबच लांब आणि जवळजवळ रिकामा. संध्याकाळी होड्या परत येतात तेव्हा ताजे बांगडे वाळूतच विकत मिळतात. जायचं असेल तर रिक्षावाल्याला थांबवून ठेवा, परतीची रिक्षा सहज मिळत नाही.

हे सगळं मी आज लिहितेय. तेव्हा मला त्या किनाऱ्यावरचं काही दिसत नव्हतं. पप्पांचे फोन येत होते, मी घेत नव्हते. नेल्सन म्हणाला, "त्यांनी चोरी केली नाहीये, सिल्वी." मी म्हटलं, "माझ्या आईच्या घरात दुसरी बाई येणार आणि ते मला चर्चमध्ये कळतं. याला तू काय म्हणशील?" निया मात्र विचारत होती की लग्नात तिला कुठला फ्रॉक घालायला मिळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात रिक्षा थांबली आणि लिडिया टीचर उतरल्या; आम्ही कुठे आहोत ते नेल्सनने मालवणात कळवून ठेवलं होतं. तीच कडक इस्त्रीची सुती साडी, हातात स्टीलचा डबा. मी नकळत उठून उभी राहिले.

"बस," त्या म्हणाल्या. डबा नियाच्या हातात देऊन माझ्याकडे वळल्या. "नेवऱ्या आहेत, खोबरं भरलेल्या. तुला आवडतात का माहीत नाही. तुझ्या आईला आवडायच्या."

आम्ही सुरूखाली बाकावर बसलो. मी काही कठोर बोलायची तयारी करत होते, पण त्यांनीच आधी विचारलं, "सिल्विया, एक खरं सांग. तुला काल चर्चमध्ये पहिल्यांदा कळलं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाल्या, "मी होकार दिला तो एकाच अटीवर. आधी सिल्वियाला सांगा, म्हटलं. दिवाळीत अँथनी म्हणाले की सांगितलं, तिला आनंद झाला. तुझा निरोपही सांगितला मला, 'टीचरना माझा नमस्कार सांगा' असा."

मी असा कुठलाच निरोप दिला नव्हता. म्हणजे पप्पांनी तो बनवला होता, माझ्या आवाजात.

"काल तुझा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं," टीचर म्हणाल्या. "मी फादरना सांगून आले आहे. नाताळाच्या दिवशी तिसरी घोषणा वाचायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लग्न नाही. एकसष्टाव्या वर्षी खोटं बोलणारा माणूस कशाला करू मी?" त्या हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. "इतकी वर्षं भावाचं दुखणं काढण्यात गेली. तो गेल्यावर वाटलं होतं, संध्याकाळी कोणाशी तरी भांडत चहा प्यावा. असो. तुला सांगायला आले, एवढंच. तुझा नाताळ खराब करून घेऊ नकोस."

रिक्षा थांबलेलीच होती. त्या गेल्या.

मला हवं होतं ते झालं होतं. कालपासून मी मनात हेच मागत होते. आणि आता तेच मला नको झालं. मला डोळ्यांसमोर पप्पा दिसायला लागले. नवा शर्ट घातलेले, नीट केस कापलेले.

नेल्सनने बॅगा भरल्या. अंधार पडायच्या आत मालवणला पोहोचलो. दार उघडंच होतं. पप्पा अंगणात अर्ध्या बांधलेल्या गोठ्यासमोर बसले होते. गवत पसरलेलं, मेंढरं कागदात गुंडाळलेलीच.

"जेवलात?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पप्पा, टीचरना खोटा कित्याक सांगितलास?"

त्यांनी एक मेंढरू कागदातून सोडवलं. मग म्हणाले, "तुझो फोन येय, सांगूक जाय आणि तसोच ठेवी. माका भीती वाटली गो. तू नको म्हटलंस तर मी काय करतलंय? तुका दुखवूक जमाचा नाय. आणि तिका..." ते रडायला लागले. "आता दोघांकाय दुखवलंय."

आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो होताच. पण मी त्यांना उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि म्हटलं, "चला. माझ्यासमोर त्यांची माफी मागायची."

टीचरचं घर दोन गल्ल्या पलीकडे. त्यांनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि खुर्च्यांवरची पुस्तकं उचलली. पप्पा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "लिडिया, मी खोटा बोल्लंय. सिल्वियाक काय्येक सांगूक नाय. भियालंय. माका माफ कर."

"आणि तो निरोप?" टीचरनी विचारलं.

"तोय माझोच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी मोठं, समजूतदार बोलावं अशी अपेक्षा असावी. मला ते जमलं नाही.

"टीचर, मला आनंद झालेला नाही," मी म्हटलं. " पण तुम्ही माझ्यामुळे थांबू नका. ते खोटं बोलले म्हणून थांबायचं असेल तर तुमचं तुम्ही ठरवा."

टीचरनी हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "चहा टाकते. अँथनी, तुम्ही उभे का? बसा."

नाताळाच्या सकाळी मी दुसऱ्या रांगेत बसले. फादरनी तिसरी घोषणा वाचली, अडथळ्याचं वाक्य आलं, आणि कितीतरी माना माझ्याकडे वळल्या. मी समोर वेदीकडे बघत राहिले. दुपारी आमच्या घरी डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, इडलीसारख्या सान्ना आणि टीचरच्या नेवऱ्या. टीचर आईच्या फोटोसमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग मला विचारून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी विचारलं म्हणून मला रडू आलं.

तिकिटं पुढे ढकलली. लग्न साधंच झालं, वीस-पंचवीस माणसं, चर्चच्या अंगणात केक आणि बटाटेवडे. नियाला फ्रॉक कुडाळला मिळाला.

मस्कतला परतून आता काही आठवडे झालेत. लोक विचारतात, मग काय, खूश का? मला अजून नीट उत्तर देता येत नाही. मी त्यांना टीचरच म्हणते, त्यांनाही तेच आवडतं. कधी कधी दुपारी ऑफिसात बसल्याबसल्या फादरनी वाचलेली ती घोषणा पुन्हा कानात वाजते.

गेली चार वर्षं मी संध्याकाळी पप्पांना फोन करते. ते पहिल्याच रिंगला घ्यायचे. ही आपुलकीच आहे असं मी धरून चालले होते. ते फोनशेजारी बसूनच असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. परवा फोन वाजत राहिला. पुन्हा केला, तरी कोणी घेतला नाही. मी घाबरून शेजाऱ्यांचा नंबर शोधू लागले, तेवढ्यात त्यांचाच आला. मागे वाऱ्याचा आवाज, टीचर कोणाशी तरी माशांच्या दरावरून हुज्जत घालत होत्या.

"काय गो? आमी आचऱ्याक इलंव, बाजारात. काय काम होता?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज केला."

"मग मागीर, रातीक करतंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.