दारं धरणारा म्हातारा

बहारीनमधल्या एका श्रीमंत घराण्याची वाळवंटातली जुनी हवेली आणि बाग पाहायला आमच्या सहलीची बस माहूज या शहरातल्या वस्तीतून गेली होती. सगळे हवेलीकडे वळले. मी खजुरांच्या बागेतच रेंगाळलो, कारण तिथं एक अनवाणी बहारीनी म्हातारा झाडांना पाटाचं पाणी देत होता. आळं भरलं की टाचेनं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचा आणि पुढच्याचं उघडायचा. फावडं नुसतंच खांद्यावर. शाळेत असताना गावी मीही अशीच दारं धरायचो. आता इथं बहारीनमध्ये बँकेत बसतो.

एक आळं तुडुंब भरलं, तेव्हा तो पाठमोरा होता. मी बूट काढले आणि टाचेनं पाणी अडवलं. वळून त्यानं आधी माझे पाय पाहिले, मग तोंड, आणि इथल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं,

“घर नै देखता?”

“बाद में.”

“अच्छा. इधर पैले पानी आया. घर बाद में आया.”

एवढं बोलून तो सावलीत बसला आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. पुन्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत इथं मला कुणी इतक्या निर्धास्तपणे काही सोपवलं नव्हतं.

बसमध्ये बायकोनं विचारलं, “हवेलीत दिसला नाहीस. पाहिलंस तरी काय?”

“सात झाडं भिजवली,” मी म्हटलं.