वासंतीचा भाजणीचा डबा

लखनौच्या रेल्वे ऑफिसात गजेंद्र वाणीला सगळे 'फीतावाले साहब' म्हणत. फीता म्हणजे मोजपट्टी. रुळांमधलं अंतर असो की पुलाचा कठडा, स्वतः टेप लावल्याशिवाय हा अमळनेरचा माणूस कागदावर सही करायचा नाही. एका पोलादी टेपने त्याच्या सगळ्या पँटींचा उजवा खिसा खाली ओढलेला असे.

एप्रिलमध्ये त्याची नागपूरला बदली झाली. अलीगंजमधलं घर दहा दिवसांत रिकामं करायचं होतं. अनिकेतची दहावीची परीक्षा संपली होती, तो आईवडिलांबरोबर जाणार होता. अनुष्का इथल्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, ती हॉस्टेलवर राहणार होती. खोकी भरता भरता वासंती म्हणाली, "आणि माझा भाजणीचा डबा? सात वर्षं झाली. झाकण घट्ट बसणारा तेवढा एकच होता."

तो डबा लखनौबाहेर, बख्शी का तालाब गावाच्या पलीकडे, एका आमराईत, जुन्या आंब्याच्या ढोलीत होता.

सात वर्षांपूर्वी गजेंद्रला या खेळाचा नाद लागला. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, आणि अनोळखी माणसांनी मोबाइल हातात धरून तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून यायचं. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. तेव्हा अनुष्का अकरा वर्षांची, अनिकेत आठचा. दर रविवारी पहाटे थालीपिठं, पाण्याच्या बाटल्या आणि बॅटरी घेऊन तिघं निघत. कधी गोमतीकाठच्या दगडांत, कधी एखाद्या पडक्या भिंतीच्या खाचेत. अनिकेतचा हात बारीक, त्यामुळे बिळात हात घालायचा मान त्याचा. "साप असेल!" अनुष्का कानाशी ओरडायची, आणि तो डब्यासकट मागे कोसळायचा.

मग त्यांनी स्वतःचा डबा लपवला. तिथल्या हवाई दलाच्या तळापासून चांगला लांब, आमराईचे मालक जयसिंग यांना विचारून. महिन्यातून एकदा डबा बघायला जायचं, ढोलीजवळच्या खोडाला टेकवून गजेंद्र मुलांची उंची मोजायचा आणि वहीत लिहायचा. घरी परतल्यावर वासंती दारातच विचारायची, "किती भरले?" जणू बाजारातून धान्य आणलंय.

अनोळखी लोक मात्र डब्यापर्यंत पोचेनात. वेबसाइटवर 'नहीं मिला' असे पाच शेरे आले. एकाने लिहिलं होतं, 'खेतवाले ने दौड़ा लिया'. वहीत परक्या माणसाची नोंद एकच, पाच वर्षांपूर्वीची, हिरव्या शाईत: 'बहुत बढ़िया जगह. धन्यवाद. ऋषभ, कानपुर.' त्या दिवशी गजेंद्रने ऑफिसात पेढे वाटले होते.

पुढे क्लास आले, मोबाइल आले, मुलांचा रविवार दुपारी बारानंतर उजाडू लागला. तीन वर्षं कुणी तिकडे फिरकलं नाही. वेबसाइटचा नियम साधा होता. देखभाल करणारा जवळपास नसेल तर डबा उचलायचा आणि खेळातून काढून टाकायचा. गजेंद्र एकटा जाऊन दीड-दोन तासांत ते उरकू शकला असता. पण त्याला दोन्ही मुलं बरोबर हवी होती. हे शेवटचं.

"बाबा, यार, संडे को छह बजे कौन उठता है?" उशीत तोंड खुपसून अनिकेत म्हणाला.

"तू उठायचास. पाचला. बूट घालून माझ्या उशाशी उभा राहायचास."

"तब मैं बच्चा था."

तरीही साडेसहाला गाडी सीतापूर रोडला लागली. मागे अनिकेत पेंगत होता. पुढे बसलेल्या अनुष्काने मोबाइल उघडला. "बाबा, एक काम करू या. आज अजनबी बनके चलते हैं. वेबसाइटवर दिलंय तसंच जायचं. आपण कधीच तसं गेलो नाही ना?"

खरंच गेले नव्हते. स्वतःच्या डब्याकडे कोण पत्ता बघत जातं?

मोबाइलने आमराईच्या बऱ्याच अलीकडे उजवीकडे वळवलं. कच्चा रस्ता, मग बांध, आणि बांधावर उतरून थोडं चालल्यावर मोबाइल म्हणाला, आलात. समोर कमरेलाही न येणारं पिपरमिंटचं हिरवं शेत होतं. झाड एकही नाही.

"फोन चुकतोय तुझा," गजेंद्र म्हणाला.

"तुमचा काढा."

त्याचाही मोबाइल तेच सांगत होता. अनुष्का खाली बसली, तिने बोटाने मातीत आकडे मांडले आणि हसू दाबत वर बघितलं. "बाबा, तुम्ही सेकंद टाकलेत. यहाँ मिनट के आगे डेसिमल चाहिए था."

गजेंद्र जागच्या जागी उभा राहिला. रेल्वेच्या नकाशावर अंश, मिनिटं, सेकंद असतात. हाताला तीच सवय. पंचेचाळीस सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, तिथे पॉइंट पंचाहत्तर हवं. त्याने पॉइंट पंचेचाळीस टाकलं होतं. सात वर्षं फीतावाले साहब लोकांना सहाशे मीटर लांब, दुसऱ्याच्या शेतात पाठवत होते.

"म्हणून त्याला पिटाळलं," तो पुटपुटला. मग त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. "थांबा. मग कानपूरच्या ऋषभला डबा कसा सापडला?"

अनिकेतची झोप उडाली. तो पिपरमिंटचं पान चुरगळून हुंगू लागला.

"बाबा," अनुष्का म्हणाली, "मी आठवीत होते. तुम्ही दर वेळी वही उघडायचात आणि तुमचं तोंड एवढंसं व्हायचं."

"तू लिहिलंस?"

"डाव्या हातानं."

"कानपुर मेरा आइडिया था," अनिकेत म्हणाला. "दीदी दिल्ली लिख रही थी. मैंने कहा, इसके लिए दिल्ली से कौन आएगा?"

"आणि मी पेढे वाटले!"

"वही तो! तुम्ही पेढे वाटलेत. फिर कैसे बताते?"

गजेंद्रने हसायचं ठरवलं होतं, पण डोळेच भरून आले. तो बांधावरून आमराईच्या दिशेने चालू लागला. मुलं मागून आली.

ढोलीत डबा होता. वर कुणीतरी जाड पॉलिथीन बांधलं होतं. जयसिंगांशिवाय कोण बांधणार? झाकण अजून घट्ट होतं. वही कोरडी. अनिकेत १२४. अनुष्का १४१. अनिकेत १२९. पानामागून पान, महिन्यामागून महिना. अनिकेत १४६, आणि पुढची पानं कोरी.

"उभा राहा," गजेंद्र म्हणाला.

अनिकेतने डोळे फिरवले, पण पाठ खोडाला लावली. टेप वर चढला. गजेंद्रला टाचा उचलाव्या लागल्या. अनुष्का मोठ्याने हसली. "१७३. अरे, बाबा छोटे पड़ गए!"

त्याने आकडा लिहिला. डबा पिशवीत टाकायला उचलला, तर अनुष्काने त्यावर हात ठेवला.

"मी आहे ना इथे. डबा माझ्या नावावर करा. देखभाल मैं करूँगी."

"हॉस्टेलवरून? इतक्या लांब?"

"माझ्या मैत्रिणीची, पद्मिनीची स्कूटर आहे. आणि एकदा पत्ता नीट टाकून तर बघू."

झाडाखाली बसून तिघांनी नवा पत्ता टाकला. गजेंद्रने आकडे वाचले, अनिकेतने लिहिले, अनुष्काने तपासले. मग उलट क्रमाने पुन्हा एकदा. डबा परत ढोलीत गेला.

घरी वासंती खोक्यांच्या मधोमध चिकटपट्टी घेऊन बसली होती. गजेंद्र रिकाम्या हाताने दारात उभा राहिला. डब्याबद्दल काय सांगायचं, ते तो वाटेत जुळवत आला होता.

वासंतीने मान वर केली. "किती भरले?"

"अनिकेत एकशे त्र्याहत्तर."

"आई गं," ती म्हणाली, आणि चिकटपट्टी तिच्या हातात तशीच राहिली.