मधली पेटी आणि ओला हार

भालेराव सरांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात मी लिहावं, हा माझ्या नातीचा, वैष्णवीचा हट्ट. मी चौथी शिकलेली, फुलं विकणारी बाई. पण सरांचा कॉम्प्युटरचा क्लास आमच्याच मखमलाबादच्या घरी वरच्या मजल्यावर भरतो, तेवढा हक्क पोचतो मला.

सर खोली बघायला पहिल्यांदा आले तेव्हा मी ओट्यावर झेंडू ओवत होते. खोली राहिली बाजूला, सर हारच बघत बसले.

"ताई, हा धागा मध्येच तुटला तर?"

"सगळी फुलं खाली."

"कॉम्प्युटर एकाच वायरवर ओवले तर तसंच होतं. टोकं बांधून गोल केलं तरी भीती राहतेच. म्हणून मी मध्ये एक पेटी ठेवतो आणि प्रत्येकाची वायर तिथपर्यंत वेगळी नेतो. तुटली तर एकाचीच तुटते."

"आणि पेटीच गेली तर?"

सर हसले. "तीच तर काळजी आहे, ताई."

सरांचं काम नेटकं. जाळं एका खोलीतलं असो की इथून त्यांच्या सिन्नरच्या क्लासपर्यंतचं, आधी कागदावर काढणार. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची चिठ्ठी लावायला लावणार. मुलं कुरकुरायची, वैष्णवी तर सगळ्यांत जास्त.

तिच्या परीक्षेला बाहेरून साहेब आले. पेटी आमच्या जिन्याखालच्या कोनाड्यात. म्हटलं, आज पोरीचं वर्ष हिच्यावर आहे, हिची पूजा नको? हळदकुंकू वाहिलं आणि पाणी शिंपडलेला ताजा हार घातला.

थोड्या वेळात वैष्णवी धावत खाली. "आजी, काय केलंस गं? सगळे कॉम्प्युटर एकमेकांपासून तुटले."

पेटीतून पाणी ठिबकत होतं. मी हार उचलून बाजूला केला.

सर खाली आले. आधी प्लग काढला, मग मला खुर्ची दिली. साहेबांनी विचारलं, चूक कोणाची? सर म्हणाले, "माझी. पेटी कोणाचाही हात पोचेल अशी ठेवायला नको होती." मग कपाटातली जादाची पेटी वैष्णवीच्या हातात दिली. "चिठ्ठ्या वाच आणि जोड. घाई नको."

ती एकेक नंबर वाचत जोडत होती, मी पदर धरून बसलेले. वरून मुलांचा आवाज आला, "आलं, आलं." तेव्हा कुठे मी पदर सोडला. पास झाली पोर. आज एका दवाखान्याचं सगळं जाळं सांभाळते.

पण सरांची काळजी वाटते हो. या वयात शिडीवर चढतात. सिन्नरला काही बिघडलं तरी फोन त्यांनाच. मुलांनो, सगळा भार एका पेटीवर टाकू नये, हे तुम्हाला त्यांनीच शिकवलं ना? मग आता दुसरी पेटी तुम्ही व्हा आणि सरांना जरा बसू द्या. देव त्यांना शंभर वर्षं देवो आणि गुडघे शाबूत ठेवो.

सत्काराचा हार मीच ओवणार आहे. पाणी झटकून, फडक्यावर वाळवून आणीन.