उजेड कमी असलेलं हॉटेल

मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, वाढदिवस जूनच्या पहिल्या तारखेला. खरा नव्हे, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला. आम्ही तो कधी केला नव्हता. त्या वर्षी करायचा असं मी ठरवलं, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाठ परत मानेत आली आहे आणि आता कापून उपयोग नाही. पुढचा जून मालक बघणार नाहीत हे मला कळलं. त्यांनाही कळलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा जबडा आणि थोडी जीभ काढली होती. तंबाखूमुळे. मी चाळीस वर्षं विड्या वळल्या, मालक टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. तंबाखू रोज मी हाताळली आणि खाल्ली त्यांनी. ऑपरेशननंतर चावता येईना. भाकरी वरणात कुस्करून पातळ करून द्यायची, त्यातलंही निम्मं हनुवटीवरून खाली यायचं. म्हणून ते स्टूल भिंतीकडे तोंड करून मांडायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि जेवायचे. मी दोन वर्षं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांची पाठ बघितली.

त्याआधीही आम्ही सोबत कधी जेवलो नव्हतो. आधी त्यांनी जेवायचं, मी वाढायचं, त्यांचं झालं की मी. पन्नास वर्षांत एकदाही समोरासमोर बसलो नाही. मला ते एकदा करायचं होतं. घरात झालं नसतं. हॉटेलात टेबल असतं, दोघांना दोन बाजूंना बसावंच लागतं, आणि वाढायला तिसरंच कुणीतरी असतं.

लेक फोनवर म्हणाली, "आई, जातीयस तर भारीतल्या हॉटेलात जा." तिनं तीन मोठी हॉटेलं सांगितली. मी दुपारी रिक्षानं एकटी जाऊन तिन्ही बघून आले. पहिल्यात सगळ्या भिंतींना आरसे. दुसरं गच्चीवर, कठड्याला दिव्यांच्या माळा. तिथला माणूस म्हणाला, "आजी, हितनं अख्खं सोलापूर दिसतंय बघा."

"आन सोलापूरला आमी दिसतोय की," मी म्हटलं आणि जिना उतरले.

तिसऱ्यात शिरल्यावर आधी काही दिसेनाच. उन्हातून आले होते आणि आत उजेडच कमी. खुर्च्यांना उंच पाठी, टेबलं लांब लांब. कोपऱ्यात एक माणूस जेवत होता. तो काय खातोय ते मला ओळखता आलं नाही. हेच हॉटेल, मी ठरवलं.

मॅनेजर पुढं आला. मी विचारलं, "भात मऊ करून द्याल का? आन सूप गाळून?"

"देऊ की आजी. काय विशेष?"

"मालकांचा वाढदिवस हाय."

एवढं बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

मालक तयार होईनात. त्यांचं बोलणं बाहेरच्यांना कळायचं नाही, मला कळायचं.

"मला न्हाय यायचं. लोक बघत्यात."

"अंधार हाय तितं. मी बघून आले."

"हॉटेलात अंधार? कसलं हॉटेल गं ते?"

"लई भारीतलं."

ते हसले. अर्ध्या तोंडानंच हसू यायचं त्यांना. मग इस्त्रीचा शर्ट मागितला.

हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो. वाट्यांतून सूप आलं. मालकांनी टॉवेल गळ्याशी खोवला आणि पहिला चमचा घेतला. मी समोरून बघितलं. डावीकडे ओठ मिटत नव्हता, सूप तिथून उतरलं. त्यांनी टिपलं आणि माझ्याकडे बघितलं. मी माझा चमचा उचलला. त्यांनी दुसरा घेतला, मी दुसरा घेतला. तिसराही झाला.

चौथा चमचा त्यांच्या तोंडात असताना सगळे दिवे लागले.

मॅनेजर केक घेऊन आला, मागे चार वेटर टाळ्या वाजवत, वाढदिवसाचं गाणं म्हणत. एकानं फोन धरला होता फोटोला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळली आणि तीही टाळ्या वाजवायला लागली. मालकांच्या तोंडातलं सूप शर्टावर आलं. त्यांनी टॉवेल ओढून अख्खं तोंड झाकलं, डोळ्यांसकट. मग एकेकाची टाळी थांबली.

त्या लोकांनी वाईट काही केलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं.

मालक टॉवेलातून काहीतरी बोलले. मॅनेजरनं वाकून मला विचारलं, "काय म्हणतायत बाबा?"

"धन्यवाद म्हणतात," मी म्हटलं.

मालक म्हणाले होते, "ऊठ. घरी चल."

केक त्यांनी खोक्यात घालून दिला. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. मालकांनी विचारलं, "तूच सांगितलंस न्हवं?"

"व्हय."

"येडी."

मी माफी मागितली नाही. मला मागता येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट बदलला आणि स्टूल भिंतीकडे मांडलं. भूक होतीच त्यांना. केकवरची मलई चावावी लागत नाही, म्हणून मी ती वाटीत काढून दिली. दुसरी वाटी माझी घेतली. नेहमीसारखी दारात उभी राहिले नाही. तांदळाचा डबा सरकवत नेला आणि त्यांच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसले.

"उजव्या अंगाला बस," ते म्हणाले. ती बाजू धड होती.

मी डावीकडेच बसले. चमचा त्यांनी वाटीतच धरून ठेवला. उठतात की काय वाटलं. मग त्यांनी चमचा तोंडाकडे नेला.

दिवाळीच्या आधी त्यांना नाकातून जेवणाची नळी बसवली. तोवर आम्ही रोज तसेच जेवलो, दोघंही भिंतीकडे बघत. समोरासमोर बसणं तीन चमच्यांपुरतं झालं, पुढचं राहूनच गेलं.