वजनाच्या दिवशी ओरडलेला आकडा

आमच्या शाळेत खेळाच्या बाईंना मुलं ‘भोंगा’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पोराला त्या नुसत्या तोंडाने वळवायच्या. गळ्यातली शिट्टी शोभेला. घरी त्यांच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. लहानपणापासून एकेक वाक्य दोनदा ओरडून सांगायची सवय, ती शाळेत कामी आली. मी त्या शाळेचा क्लार्क. दोन भिंतींपलीकडे दाखले लिहीत बसायचो आणि सहावीची सगळी कवायत मला बसल्या जागी पाठ झाली होती.

सुरुवातीला माझं मत साफ होतं. खेळाचा तास म्हणजे पोरांना उन्हात दमवून पुढच्या तासाला पेंगायला पाठवणं. ते मत बदललं ते बाईंची एक खोड पाहून. मुलं रांगेत उभी राहिली की त्या आधी बुटांकडे बघायच्या. एखाद्याची लेस सुटलेली आणि ती बांधायचीही त्याला इच्छा नाही, असं दिसलं की त्याला पळायला लावायच्या नाहीत. बाकीच्यांना खेळायला सोडून त्याच्याबरोबर मैदानाला फेरी मारायच्या, अगदी गप्प. दुसऱ्या फेरीला पोर आपणहून बोलू लागायचं. कोणाच्या घरी भांडणं, कोणाला गणिताच्या सरांची धास्ती, कोणाची आजी गेलेली. या बाईंना गप्प राहता येतं, हे मला पटायलाच दोन वर्षं लागली.

“बाई, हे समुपदेशकाचं काम आहे,” मुख्याध्यापक म्हणायचे.

“मग नेमा की,” बाई म्हणायच्या. नेमला कोणी नाही.

वर्षातून दोनदा वजन-उंचीचा दिवस असे. खेळाच्या खोलीत फरशी उंचसखल. वजनकाटा सरळ बसायचा तो फक्त दारापाशी. माझं टेबल समोरच्या भिंतीला, पंख्याखाली. पहिल्या वर्षी बाई म्हणाल्या होत्या, “टेबल काट्याजवळ घ्या ना.” मी म्हटलं, “पंख्याखालून मी हलणार नाही. तुमचा आवाज आहे की खणखणीत.” त्या हसल्या. तेव्हापासून एकोणीस वर्षं बाई काट्यापाशी वाकून आकडा ओरडायच्या आणि मी तो वहीत उतरवायचो. मध्ये चाळीस मुलांची रांग. ती पण ऐकायची, एवढं साधं आमच्या डोक्यात कधी आलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी आठवीत एक मुलगी होती. आई शिवणकाम करायची. मुलगी उंच, रुंद खांद्यांची, चालायची मात्र अंग चोरून. ती काट्यावर चढली आणि बाई ओरडल्या, “अडुसष्ट!” त्यांच्या आवाजात आनंद होता. तीन वर्षं त्या गोळाफेकीसाठी मुलगी शोधत होत्या, आणि ही समोर उभी. रांगेतून कोणीतरी तोच आकडा तसाच ओरडून दाखवला. हशा पिकला. बाई म्हणाल्या, “शांत! पुढचा.” मी ‘अडुसष्ट’ लिहिलं आणि पान उलटलं.

पहिले दोन आठवडे मुलगी सरावाला आली. गोळा असा फेकायची की बाई मला खिडकीतून हाक मारून दाखवायच्या. मग तिचं पोट दुखायला लागलं, मग डोकं, मग पाय. मैदानावर मुलं तिला ‘अडुसष्ट’ म्हणून हाक मारत. बाईंना वाटलं, पोरांनी खेळाडूंसारखे नंबर घेतलेत. तीन आठवडे त्यांना तसंच वाटत राहिलं. बूट त्या बघत होत्या, पण या मुलीच्या लेस नेहमी घट्ट बांधलेल्या असायच्या.

एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पोर जेवत नाही. तेव्हा तिच्या मैत्रिणीने सांगितलं की रोजचा डबा भरलेला घरी जातो, किंवा दुसऱ्या कोणाच्या पोटात जातो. आणि आकड्याचंही सांगितलं. बाई ऑफिसात आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तिचा पत्ता काढून द्या. आणि बरोबर चला. मला एकटीला जमणार नाही.”

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मशीन, कपड्यांचे गठ्ठे, आरसा. आई एका गिऱ्हाइकाचं माप घेत होती. कमरेभोवती टेप फिरवला, आकडा पाहिला, वहीत लिहिला. मग छाती, मग दंड. तोंडातून शब्द नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तिने आम्हाला बसायला सांगितलं.

बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाई, मी दिवसाला दहा-बारा जणींची मापं घेते. समोर दुसरं कोणी नसलं तरी आकडा बोलत नाही. माप ज्याचं त्याचं असतं.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझी नजर वर उठेना.

मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. बाई उठल्या. “माझं चुकलं, बाळा.”

“ओरडलात सगळ्यांसमोर,” मुलगी म्हणाली, “आणि चुकलं ते इथे, घरात?”

आई तिला दटावणार होती, बाईंनी हाताने थांबवलं. “बरोबर आहे तुझं. सगळ्यांसमोर सांगते.”

“पण माझं नाव नका घेऊ. परत सगळे माझ्याकडे बघतील.”

परतताना बाई माझ्या पुढे दोन पावलं चालत होत्या. टेबल मीच जवळ घेतलं नव्हतं, हे बोलायला मी दोनदा तोंड उघडलं. दोनदा रस्त्यावर गाडी आली, आणि मी ते निमित्त पुरेसं मानलं.

दुसऱ्या दिवशी आठवी मैदानावर उभी होती. मुलगीही होती, मागच्या रांगेत. मी ऑफिसातच होतो. मला उठावंही लागलं नाही.

“एकोणीस वर्षं मी या शाळेत वजनं ओरडून सांगितली,” बाई म्हणाल्या. “ती ज्याची त्याची होती. चारचौघांत सांगायचा मला अधिकार नव्हता. चूक माझी आहे. एकटीची.”

मग एका मुलाचा बारीक आवाज आला, “बाई, मला एकतीस म्हणतात.” मग एक मुलगी बोलली. मग आणखी कोणी. मी हातातला दाखला अर्धवट ठेवून ऐकत राहिलो. ते सगळे आकडे माझ्या अक्षरात वहीत होते.

त्या दिवसापासून चिडवणं बंद झालं असं म्हणणार नाही. काहींनी हाक मारून पाहिली, पण हसायला साथ मिळेना, तेव्हा त्यातली गंमत गेली. डॉक्टरांकडे मुलीच्या फेऱ्या चालू राहिल्या. डबा आधी चार घास संपायचा, मग अर्धा, एखादा दिवस पुन्हा तसाच परत. बाईंनी तिला डब्याबद्दल कधी विचारलं नाही. रोज मैदानाला दोन फेऱ्या तेवढ्या तिच्याबरोबर चालायच्या. गोळा बाजूला पडलेला असायचा. एक दिवस जाता जाता तिनेच तो उचलला, हातात तोलून पाहिला आणि परत ठेवला. बाई त्या दिवशी ऑफिसात येऊन माझ्यासमोर रडल्या. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती, आणि स्वतःची इतकी लाजही.

सहा महिन्यांनी पुन्हा वजनाचा दिवस आला. टेबल काट्याला चिकटून. मुलं एकेक करून आत, रांग दाराबाहेर. बाई चिठ्ठीवर आकडा लिहायच्या, घडी घालून माझ्याकडे द्यायच्या. मी घामाने निथळत होतो. मुलीचा नंबर आला, ती चढली, उतरली. माझ्या टेबलापाशी थांबली.

“काका, टेबल आधीपासून इथे का नव्हतं?”

“मला पंखा हवा होता म्हणून,” मी म्हणालो. “बाईंनी पहिल्याच वर्षी जवळ घ्या म्हटलं होतं. मी घेतलं नाही. मला ऐकू यावं म्हणून त्या ओरडायच्या.”

तिने बाईंकडे पाहिलं. बाई पुढच्या मुलाला बूट काढायला सांगत होत्या, इतक्या हळू की आम्हाला शब्द कळेनात.

“पण बाई तर म्हणाल्या होत्या, एकटीची.”

“हो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.”

“मग तुम्ही घेतलंत?”

“आत्ता तुला सांगितलं.”

“मला,” ती दाराकडे बघत म्हणाली. “आणि त्यांना?”

दाराबाहेर अख्खी आठवी उभी होती. मी पेनाला टोपण लावलं आणि उठून दाराकडे निघालो.