पिवळ्या चपलेचा बेडूक

हे मी लिहून काढतोय खरा, पण तोंडाने कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्याबरोबर अर्धं आयुष्य न्यूजडेस्कवर काढलं, त्या मित्रांनाही नाही. मग आता तुम्हालाच का? ठाऊक नाही. या प्रकरणातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

बातमी लिहिताना पहिल्याच वाक्यात सगळं येऊ द्यायचं असतं. कोण, काय, कुठे, कधी. मी तसं शिकलो, नंतर नव्या पोरांना तसंच शिकवलं. इथे ते जमत नाही. कुठे आणि कधी, एवढं सांगतो. नवी मुंबई, कोपरखैरणे, नव्वदचं दशक निम्मं झालेलं. बोनकोड्याजवळचं, शहराच्या आधीपासूनचं एक गाव. नाव लिहीत नाही. कोण आणि काय – तिकडे येतो. थोडं थांबा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील बाजारात माथाडी होते. त्यांची खोली लहान आणि माझ्या येण्याजाण्याच्या वेळा वेड्यावाकड्या, म्हणून मी गावात वेगळी खोली भाड्याने घेतली. घरमालक बाळारामशेठ. वयाने माझ्यापेक्षा थोडा मोठा, आवाजाने बराच मोठा. जमीन नव्या शहरात गेली, तिच्या बदल्यात जे आलं त्यातून त्याने अंगणातच दोन मजली इमारत उठवली. वर भाडेकरू, खाली तो, त्याची बायको आणि म्हातारे वडील दामूनाना.

गावाच्या मागे तलाव होता. पाणी बघायचं तर पानं बाजूला सारावी लागत, एवढी कमळं. एका कोपऱ्यात जलपर्णीची गादी. त्या पानांच्या खाली मरळ राहायची – काळपट, लांबट, सापासारख्या डोक्याची. पानापानांमध्ये पाण्याच्या छोट्या खिडक्या असतात, तिथे ती हवा घ्यायला वर येते. मरळीला हवा लागते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. हे वाक्य लक्षात ठेवा.

बाळारामशेठला मासेमारीचा भारी नाद. बोलण्यात तर फारच. त्याने धरलेल्या मरळी दरवर्षी वितीवितीने वाढत. प्रत्यक्षात त्याच्या काठीला फारसं काही लागत नसे, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. पारावर बसलेले हाक मारत, “बाळाराम, मासा तुज्या गळाला लागत नाय रं, तुजा गळच घेऊन जातो!” तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचा.

आता गावाचा रिवाज सांगायला हवा. पाऊस लागला की तलाव बंद. दसऱ्यापर्यंत कुणी गळ टाकायचा नाही. कारण त्या दिवसांत मरळ लेकुरवाळी असते. पिल्लं तांबडी, शेकड्यांनी, एकत्र गोळा होऊन पानांच्या खिडकीत वर येतात – दुरून बघितलं तर पाण्यात मूठभर कुंकू उकळतंय असं वाटतं. आई किंवा बाप, कुणीतरी खाली पहाऱ्यावर असतंच. पिल्लांजवळून काहीही गेलं, तरी मरळ त्यावर तुटून पडते. भुकेने नव्हे. म्हणून तेव्हा तिला धरणं सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच गावात ते सगळ्यात हलकं काम मानलेलं. दसऱ्याला तलाव सुटायचा. वाजतगाजत सगळे काठावर जायचे आणि पहिला गळ टाकायचा मान दामूनानांच्या घराचा. शेत गेलं होतं, मिठागर गेलं होतं. हा मान उरला होता. धुतलेलं धोतर, टोपी, गुडघाभर पाण्यात उभे दामूनाना – मी ते पाहिलं होतं. त्यावर माझ्या पेपरात लेखही लिहिला होता. दामूनानांनी तो फ्रेम करून ओटीवर लावला.

म्हणजे रिवाज मला माहीत नव्हता असं मला म्हणता येत नाही. मी तो छापला होता.

मलाही गळाची आवड होती. गावाकडे तळ्यात शिकलो होतो. मरळीला जिवंत बेडूक लावतात, पण बेडकात गळ खुपसणं मला कधी जमलं नाही. हसू येतं का तुम्हाला? मला आता येतं, पण ते कसलं हसू ते कळत नाही. तर मी रबराचा बेडूक करायचं ठरवलं. गळाची टोकं रबराच्या पाठीला चिकटून ठेवायची, म्हणजे पानांवरून ओढला तरी अडकत नाही. माशाने दाबला की रबर बसतं आणि टोकं वर येतात.

बाळारामशेठच्या मेहुण्याने मस्कतहून त्याला रबरी चपला आणल्या होत्या. पिवळ्याधमक, होडीएवढ्या. गाव विचारायचं, “बाळाराम, हळद अजून उतरली नाय वाटतं?” एका चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा ती जिन्याखाली पडलेली मी पाहिली. तो स्कूटर खोलून बसला होता. मी विचारलं, टाकायची आहे का. मान वर न करता म्हणाला, “ने, ने. दोनी पाय घातलंस तरी रिकामीच ऱ्हाईल.”

त्याच्या लक्षात राहिलं होतं का, मी नेली ते? तेव्हा मला वाटलं, नाही.

सर्वपित्रीचा दिवस होता. मला सुट्टी होती. दुपारी बाळारामशेठ स्वतः माझ्या खोलीवर ताट घेऊन आला – वडे, खीर, भोपळ्याची भाजी. “आमच्या पितरांचं हाय, उष्टं टाकलंस तर स्वप्नात येतील,” म्हणाला आणि गेला. मी सगळं खाल्लं. गाव जेवून आडवं झालं होतं. मी त्या चपलेतून कापलेला बेडूक पिशवीत टाकला, काठी घेतली आणि मागच्या वाटेने तलावावर गेलो.

का गेलो? बेडूक पानांवरून नीट सरकतो का, एवढंच बघायचं होतं. अनेक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण मग गळाची टोकं काढून का ठेवली नाहीत? नुसतं सरकवून बघायला गळ कशाला लागतो?

आणि मला ते तांबडं दिसलं. हातभर अंतरावर, दोन पानांच्या मध्ये, पिल्लं वर येत होती, खाली जात होती. मी बराच वेळ बघत उभा होतो. सुंदर वाटत होतं, हे खरं आहे. आणि तेवढ्यात हात उठला – हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी कशा असतात? मला अजून समजलेलं नाही.

बेडूक पलीकडच्या पानावर पडला. मी तो हळूहळू ओढत आणला. पानाच्या कडेवर थांबवला. मग पिल्लांच्या मधोमध सोडला.

पाणी फुटलं. काठी वाकली. मरळ पानांत असली की एका दमात बाहेर ओढायची असते. तिला देठांत शिरू दिलं की संपलं. मी दचकलो, उशीर केला. ती खाली गेली, तंगूस – गळाचा नायलॉनचा दोरा – देठांना गुंडाळली गेली आणि मग नुसता ताण उरला. ताठ दोरा, आणि त्यातून हाताला जाणवणारी थरथर. पाणी कमरेपेक्षा जास्त नव्हतं. उतरून देठ बाजूला केले असते तर ती सुटली असती.

तेवढ्यात घाटाकडून भांड्याचा आवाज आला. कुणी बाई आली होती. मी तंगूस दातांनी तोडली आणि निघालो. मरळीला हवा लागते, हे मला माहीत होतं. पानांखाली देठांना बांधलेला मासा बुडून मरतो, हेही कळत होतं. वाटेत मी स्वतःला म्हटलं – सुटेल.

नवरात्रात ती वर आली. दामूनानांनीच पाण्यात उतरून काढली. तोंडात पिवळं रबर. तांबडी पिल्लं तोवर कुठे दिसत नव्हती. बगळे मात्र रोज त्याच पानांवर उभे असायचे.

देवळाच्या मंडपात गाव बसलं. मलाही बोलावलं, कारण मी पत्रकार – बाहेरचा, कुणाच्याच बाजूचा नसलेला. घाटावरच्या बाईने सांगितलं, सर्वपित्रीच्या दुपारी पाणी उडाल्याचा आवाज आला, माणूस दिसला नाही. मग ते रबर मधे ठेवलं गेलं. कुणीतरी म्हणालं, “ही हळद वळखीची हाय.” थोडे हसले. बाळारामशेठही हसला. मग त्याने वडिलांकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

“तुजीच ना रं चप्पल?” दामूनानांनी विचारलं.

“माजीच.”

“मग?”

तो काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. इतकी वर्षं स्वतःच्या मासेमारीच्या बढाया मारलेला माणूस, आणि चप्पल त्याची. पुढे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. फक्त एका वयस्कर माणसाने माझ्याकडे वळून विचारलं, “पत्रकार, तुमी त्यांच्याच घरात ऱ्हाता. त्या दुपारी कोन तलावाकडं जाताना दिसला का?”

मी म्हणालो, “त्या दुपारी मी ऑफिसात होतो.”

स्पष्ट, शांत आवाजात म्हणालो. बातमी वाचून दाखवावी तसा. मंडपातल्या सगळ्यांनी ते खरं धरलं. एक सोडून. त्या दुपारी माझ्या खोलीत ताट घेऊन आलेला माणूस समोरच बसला होता. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं का, हेही मला सांगता येत नाही, कारण मी चटईकडे बघत होतो.

तो का बोलला नाही? मी हे सगळ्या बाजूंनी उलटून पाहिलं आहे. भाडेकरूला उघडं पाडायचं नव्हतं? की ताटाची गोष्ट खरंच विसरला? की – हेही मनात आलं – मोठी मरळ बाळारामच्या गळाला लागली असं गाव पहिल्यांदाच मानत होतं, आणि त्याला ते नाकारवलं नाही? एकही उत्तर पुरत नाही. कधी वाटतं, त्याच्या गप्प बसण्याचं कारण शोधत राहिलो की मला माझ्या बोलण्याकडे बघावं लागत नाही.

मान दुसऱ्या भावकीकडे गेला. दसऱ्याला वाजंत्री आमच्या दारावरून गेली. मी वरच्या गॅलरीतून पाहिलं. दामूनानांनी दरवर्षीसारखं धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती, आणि ते ओटीवर बसले होते. तलावाकडून आरडाओरडा ऐकू आला – पहिला गळ पडला असणार. ते उठून आत गेले. त्यानंतर बापलेकांचं बोलणं कामापुरतं राहिलं. जेवणाची हाक सुनेने मारायची, लाइटबिलाचं सुनेनेच सांगायचं. दशक संपायच्या आत दामूनाना वारले. शेवटपर्यंत त्यांच्या लेखी ती मरळ त्यांच्या मुलाने मारली होती.

ती मी मारली.

एक राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मी ऐरोलीला घर बघितलं आणि खोली सोडली. टेम्पोत सामान चढवायला बाळारामशेठने मदत केली. गादी, स्टोव्ह, पुस्तकांचे खोके. काठी मी आधीच टाकून दिली होती. सगळं झाल्यावर तो जिन्याखाली वाकला आणि दुसरी पिवळी चप्पल काढून टेम्पोत भिरकावली.

“एक नेलीस,” म्हणाला, “दुसरी हितं काय करंल?”

चिडून म्हणाला की चेष्टेत, ते मला ओळखता आलं नाही. त्याचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. दामूनाना ओटीवर बसले होते, हातभर अंतरावर. त्यांना नीट ऐकू येत असे. त्यांनी मान वर केली, चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थांबले. मी काहीतरी बोलेन अशी वाट बघितल्यासारखे.

मी म्हणालो, “येतो, नाना,” आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा हात मारला.